सूर्याच्या गावाला जाऊन आलो



शेती खात्यातला माणूस गुजरातेत गेला म्हणजे जिरे, एरंडी, मोहरी पाहायला गेला असणार, असे तुम्हाला वाटेल. तीही पाहिली. पण खरे कारण वेगळे होते. मी गेलो होतो घरांच्या छपरांवरचे विजेचे पत्रे पाहायला. त्यामागे एक जुने देणे होते. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

सन १९९८ ची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर तेव्हा विजेची तार पोचली नव्हती. तिथल्या एका घरचा थोरला मुलगा दहावीला होता आणि चिमणीच्या उजेडात अभ्यास करायचा. त्या घराला मी खटपट करून एक सौर कंदील मिळवून दिला. वीतभर रुंदीचा निळा पत्रा दिवसभर उन्हात ठेवायचा, संध्याकाळी तो कंदिलाला जोडलेल्या बॅटरीत साठलेली वीज उजेड देणार. चार लोकांदेखत मी सांगितले, "आजी, आता रॉकेल विसरा. सूर्य काही संपावर जात नाही."

पोरगा त्या उजेडात पास झाला. तिसऱ्या वर्षी बॅटरी बसली. कंदील देणाऱ्या मंडळींना मी पत्रे धाडली, खेपा घातल्या. कोणी आले नाही. तशी बॅटरी तालुक्यात मिळेना, जिल्ह्याच्या गावी सांगितलेली किंमत त्या घराला झेपेना. शेवटी एक दिवस वस्तीवर गेलो, तर कंदील गोठ्याच्या खुंटीला टांगलेला. काच उघडून आजींनी आत दोडक्याच्या आणि काकडीच्या बियांच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, "सायेब, तुमचा सूर्य आमच्या घरात मावळला बघा. बियांना मात्र उंदीर लागत न्हाई."

त्या हसून बोलल्या. मी मात्र ते विसरलो नाही.

गेल्या हिवाळ्यात तोच मुलगा, आता डाळिंबाची बाग करणारा कर्ता गडी, माझ्याकडे आला. घरावर सौर वीज बसवायची म्हणतो, बँक कर्ज देते म्हणतात, बसवू का? मी तोंड उघडण्याआधीच त्याने आजींचा निरोप सांगितला. आजींनी आता ऐंशी ओलांडली आहे. निरोप असा होता : "सायेबास्नी म्हणावं, बिघडलं तर येणार कोण, ते आधी इचारून या."

म्हटले, आता ऐकीव सांगायचे नाही. जिथे सारे गाव हे वापरते आहे तिथे जायचे, लोकांच्या घरात बसायचे आणि आजींचा एकच प्रश्न विचारायचा. म्हणून मी मोढेऱ्याला गेलो.

वाटेवरचा मुलूख

मोढेरा हे गाव गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात आहे. पुण्याहून रेल्वेने अहमदाबाद, तिथून एस. टी. ने मेहसाणा आणि मेहसाण्याहून बेचराजीच्या वाटेला पंचवीस-एक किलोमीटरवर मोढेरा. बेचराजीला बहुचरा मातेचे मोठे ठाणे आहे, त्यामुळे बसला गर्दी असते. आपल्याकडच्या तुळजापूरच्या गाडीची आठवण होते.

मुलूख सपाट आणि रेताड. डोंगर नजरेला पडत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एरंडीचे पुरुषभर उंच प्लॉट, मध्ये पिवळी मोहरी आणि वीतभर उंचीचे, बडीशेपेसारख्या बारीक पानांचे जिऱ्याचे वाफे. जिऱ्याची आणि इसबगोलाची देशातली मोठी पेठ, उंझा, याच जिल्ह्यात. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका पटेल काकांना मी जिऱ्याबद्दल विचारले, तर त्यांनी आभाळाकडे बोट केले. थंडी आणि कोरडे ऊन असले तर जिरे. दोन दिवस ढग आले की करपा येतो आणि पीक हातचे जाते. मग हसून म्हणाले, "जिऱ्याला आणि छपरावरच्या पत्र्याला एकच दुश्मन, ढग!"

म्हशीही पाहिल्या. मुऱ्हा आणि सुरती यांच्या मिळणीतून झालेली मेहसाणी म्हैस दुधाला चांगली आणि वेताला नेमाची. आपल्या पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी पाठीपर्यंत गेलेली शिंगे पाहायची सवय असलेल्या डोळ्याला तिची शिंगे आखूडच वाटतात. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

हजार वर्षांपूर्वीचे सूर्याचे घर

गावात शिरण्याआधी सूर्यमंदिर लागते. पुष्पावती नदीच्या काठी हे मंदिर सोळंकी घराण्यातल्या पहिल्या भीमदेवाच्या काळात, सन १०२६-२७ च्या सुमारास बांधले गेले. म्हणजे त्याला हजार वर्षे होत आली. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही. देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे.

प्रथम लागते ते कुंड. लांबी सुमारे १७६ फूट, रुंदी १२० फूट. चारी बाजूंनी पायऱ्या अशा उतरत्या रचल्या आहेत की वरून पाहताना दगडाची घडीव शेतबांधणीच वाटावी. पायऱ्यांवर लहानमोठी देवळे आहेत, ती १०८ म्हणून सांगतात. कुंडापुढे सभामंडप. त्याला ५२ खांब, आणि खांबांवर तसूभर जागा कोरीव कामावाचून सोडलेली नाही. त्यापलीकडे मुख्य मंदिर. तिन्ही गोष्टी पूर्व-पश्चिम अशा एका ओळीत आहेत. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दिवस आणि रात्र सारखी होतात. त्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात जावा अशी ही बांधणी आहे.

मी त्या मंडपात बराच वेळ बसलो. मनात एकच विचार होता. हजार वर्षांपूर्वी या गवंड्यांनी सूर्य कुठे उगवतो, केव्हा कुठून चढतो, हे हिशेबात धरून दगड लावला. आणि आपल्याकडे मी स्वतः अशी घरे पाहिली आहेत की हजारो रुपयांचा विजेचा पत्रा लिंबाच्या सावलीत, तोंड उत्तरेकडे करून, जागा मोकळी होती म्हणून बसवला आहे. सूर्याकडून काही घ्यायचे तर आधी त्याचा रस्ता पाहायला हवा. ही पहिली शिकवण मला गावाबाहेरच मिळाली.

गाव, छपरे आणि बॅटऱ्या

९ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी मोढेरा हे देशातले पहिले चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर केले. त्याची रचना समजून घ्या, कारण पुढे आपला हिशेब तिच्यावर बसवायचा आहे.

या कामाचे तीन भाग आहेत. पहिला, शेजारच्या सुज्जनपुरा गावाजवळ सुमारे १२ हेक्टर, म्हणजे तीस एकर जमिनीवर उभे केलेले ६ मेगावॅटचे सौर केंद्र. दुसरा, मोढेरा आणि आसपासच्या वस्तीतल्या तेराशेहून अधिक घरांच्या छपरांवर बसवलेले एकेक किलोवॅटचे संच. तिसरा, बॅटऱ्यांचा मोठा साठा. त्याची ताकद १५ मेगावॅट-तास आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो पूर्ण भरला की पंधरा हजार युनिट वीज मावते. दिवसा पत्रे वीज करतात, जास्तीची या साठ्यात जाते आणि सूर्य मावळल्यावर गाव तिच्यावर चालते. सगळ्याचा खर्च ऐंशी कोटींच्या घरात गेला. तो केंद्र आणि राज्य सरकारांनी निम्मा निम्मा उचलला. मंदिरातला रात्रीचा रोषणाईचा खेळही याच विजेवर चालतो.

गावात फिरताना जे दिसते ते अगदी साधे आहे. कौलारू घर असो की स्लॅबचे, छपरावर लोखंडी सांगाडा आणि त्यावर तीन-चार निळे-काळे पत्रे. भिंतीला एक पेटी. दारात तीच म्हैस, तोच उकिरडा, तीच खाट. सूर्याचे गाव म्हणून काही झगमगाट असेल अशा कल्पनेने गेलात तर निराश व्हाल. मला मात्र हेच आवडले. जी गोष्ट म्हशीच्या गोठ्याशेजारी गुण्यागोविंदाने नांदते ती आपल्या घरात नांदेल.

ओसरीवरच्या गोष्टी

पहिल्या घरी "आवो, बेसो" म्हणून खाट टाकली गेली आणि चहा आला. घरच्या बेन शिवणकाम करतात. शिलाई मशिनला मोटर बसवली आहे. विजेचे बिल आणून दाखवले. पूर्वी येणारे बिल आणि आताचे यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर बिल नावाला येते, म्हणाल्या. मीटरवर दोन आकडे असतात. एक आपण तारेवरून घेतलेल्या युनिटांचा, दुसरा आपण तारेवर दिलेल्या युनिटांचा. दिलेली घेतलेल्यांतून वजा होतात. त्यांना शाळा फारशी नाही, पण हा हिशेब तोंडपाठ होता. डेअरीत दूध घालणारी बाई आहे. फॅटचा हिशेब ज्याला कळतो त्याला मीटरचा कळायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या घरी गृहस्थांची कुरकुर होती. शेजाऱ्याचे बिल जवळपास शून्य येते आणि यांचे येते. संच तोच, ऊन तेच. मी म्हटले, वर जाऊ या. शिडी लावून वर गेलो. पत्र्यावर धुळीचा थर असा की बोटाने नाव लिहावे. शेजारच्या लिंबाची एक फांदी दुपारनंतर दोन पत्र्यांवर सावली टाकत होती. शिवाय मोरांचा मुक्काम! उत्तर गुजरातेत मोर कोंबड्यांसारखे फिरतात, त्यांची बसण्याची आवडती जागा हा पत्रा. वर्षभरात कितीदा धुतला, विचारले. गृहस्थ हसले. "पाऊस धुतो ना!"

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्र्यातल्या चकत्या एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. ठिबकच्या नळीत एका जागी कचरा अडकला की पुढच्या साऱ्या झाडांना पाणी कमी पडते, तसेच इथे होते. पत्र्याच्या कोपऱ्यावर पडलेली सावली कोपऱ्यापुरती राहत नाही, ती त्या माळेतल्या बाकी चकत्यांची वीजही अडवते.

तिसऱ्या घरी आजींचा प्रश्न विचारला, "बिघडलं तर येणार कोण?" घरातल्या म्हाताऱ्यांनी गल्लीच्या टोकाकडे बोट केले. तिथे एक तरुण वायरमनचे काम करतो. आय. टी. आय. झालेला. संच बसवायला आलेल्या लोकांबरोबर राहून शिकला. त्याला गाठले. तो म्हणाला, "काका, पत्रा सहसा बिघडत नाही. बिघडते ती भिंतीवरची पेटी, नाहीतर सैल झालेला जोड, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. जोड आणि वायर मी पाहतो. पेटीसाठी वर कळवावे लागते, त्याला थोडे दिवस जातात."

अर्धे उत्तर मिळाले. १९९८ च्या कंदिलाला हा तरुण नव्हता, म्हणून तो गोठ्यात टांगला गेला.

ज्याची कोणी आधी कल्पना देत नाही

आता एक गोष्ट नीट वाचा. आपल्याकडे बहुतेकांचा समज असा की छपरावर पत्रे बसले की भारनियमनाची कटकट संपली. हा समज खरा नाही.

घरावर बसवले जाणारे बहुतेक संच महावितरणच्या तारेला जोडलेले असतात आणि त्यांना बॅटरी नसते. तारेवरची वीज गेली की भिंतीवरची पेटी आपला संचही आपोआप बंद करते. बाहेर लख्ख ऊन असले तरी घरात पंखा फिरत नाही. यात त्या पेटीचा दोष नाही. समजा लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला आहे आणि त्याच वेळी तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली, तर तो जिवानिशी जाईल. त्याचा जीव राखण्यासाठी ही सोय केलेली असते.

मोढेऱ्यात रात्री वीज राहते ती त्या पंधरा हजार युनिटांच्या साठ्यामुळे. तो गावाच्या मालकीच्या खिशातून आलेला नाही, सरकारने उभा केला आहे. आपल्या एकट्याच्या घरी तो नसतो. वीज गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील तर बॅटरीचा वेगळा संच लागतो. तो महाग पडतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. माझ्या कंदिलाचे जे झाले ते आठवा. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला बिल कमी करायचे आहे की अंधार घालवायचा आहे? दोन्हींचा खर्च वेगळा.

आपल्या घरचा हिशेब

परतीच्या गाडीत मी त्या सांगोल्याच्या घराचा हिशेब वहीवर मांडला. तुम्हीही आपला मांडा. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, एवढे सूत्र पुरे.

नऊ वॅटचे पाच एल. ई. डी. दिवे रोज पाच तास लागले तर पाव युनिटाहून थोडे कमी. पंचाहत्तर वॅटचे तीन जुने पंखे आठ तास फिरले तर एक युनिट आणि वर ऐंशी शतांश. टी. व्ही. चार तास, पाव युनिट. फ्रीज दिवसाला सुमारे एक युनिट. पाणी चढवायची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर अर्धा तास, म्हणजे पाव युनिटाच्या आत. मिक्सर, इस्त्री, मोबाइल मिळून तीस शतांश धरा. बेरीज पावणेचार युनिट. महिन्याला एकशे बारा-तेरा.

एक किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी धरता दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे महिन्याला सुमारे एकशे वीस. त्याला छपरावर शंभर चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. आषाढ-श्रावणात उत्पादन घटते. घाटमाथ्यावर आणि कोकणात ते अधिक घटते, हे तिथल्या वाचकांनी धरून चालावे. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक म्हणून वीज त्याच प्रमाणात वाढेल असेही समजू नका. पत्रा फार तापला की त्याचे काम थोडे मंदावते. दुपारच्या उन्हात बैल मंदावतो तसेच.

म्हणजे त्या घराला एक किलोवॅट पुरते. पण हिशेबातली गंमत पाहा. सर्वांत मोठा खादाड फ्रीज नाही, पंखे आहेत. आता तीस वॅटचे पंखे मिळतात. तिन्ही बदलले की रोजचे एक युनिट वाचते. कर्जाची गरज नाही, छपरावर चढायला नको. फुटकी चर नीट केल्याशिवाय विहीर खोल करू नये, तसेच हे आहे.

पैशाचे म्हणाल तर पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले आहे. अनुदान संच बसून तपासणी झाल्यावर बँकेच्या खात्यात येते, म्हणजे आधी रक्कम उभी करावी लागते. बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये जादा मदतीची योजना जाहीर केली आहे. आपण कोणत्या योजनेत बसतो ते महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. दारावर आलेल्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. आणि वर्षाअखेर तारेवर उरलेल्या युनिटांना भाव फार कमी मिळतो. तेव्हा मोठा संच बसवून वीज विकू, या लोभात पडू नका. गरजेपुरता संच फायद्याचा. ज्यांचे बिल मुळातच थोडे आहे त्यांनी तर कर्जाचा हप्ता आणि वाचणारे बिल शेजारी शेजारी लिहून मगच सही करावी.

मोढेऱ्याइतके लांब जाणे जमत नसेल तर सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी पाहा. २०२४ मध्ये ती आपल्या राज्यातले पहिले सौरग्राम झाली. पाहायला जाल तेव्हा छपरे तर पाहाच, पण घरातल्या बायांना प्रश्न विचारा. खरे काय ते त्या सांगतात.

बसवणाराला विचारायचे प्रश्न

आजींच्या एका प्रश्नाचे मी पाच प्रश्न केले. ते असे.

एक, पत्रे दक्षिणेकडे तोंड करून बसतील का, आणि सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात त्यांच्यावर झाड, टाकी, डिशची छत्री यांची सावली पडेल का? सावली पावसाळ्यात वेगळी आणि माघात वेगळी पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दोन, सांगाडा कसा बांधणार? वळवाचे वारे कशाला म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. गोठ्याचे पत्रे उडतात तसे हे उडता कामा नयेत. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर चालू देऊ नका.

तीन, पत्र्याची हमी किती वर्षांची आणि भिंतीवरच्या पेटीची किती? पत्रा पंचवीस वर्षे काम देतो, पेटी त्याच्या आधी बदलावी लागते. त्या खर्चाची तयारी आजच मनात ठेवा.

चार, पाच वर्षांची देखभाल कोण करणार? सूर्यघर योजनेत ही जबाबदारी बसवणाराची आहे. पण नाव, पत्ता आणि फोन कागदावर लिहून, सही घेऊन ठेवा. ज्याचे दुकान तालुक्यात आहे, ज्याने आसपास दोन-चार घरी काम केले आहे, त्याला चार पैसे जास्त गेले तरी पसंत करा.

पाच, वीज गेल्यावर माझ्या घरात काय चालेल? या प्रश्नाला जो "सगळं चालेल" म्हणून उत्तर देईल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि धुण्याविषयी. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना, पत्रा थंड असताना, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसावा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते. घासणी, साबण नको. ज्यांच्या बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे त्यांनी ते पत्र्यावर वाळू देऊ नये. ठिबकच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच काचेवर बसतो आणि ऊन अडवतो.

परत त्याच वस्तीवर

परत आल्यावर त्या वस्तीवर गेलो. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलगा, सून, बारावीतली नात, सारे जमले. मी चांगले तेवढेच सांगितले नाही. बेनचे बिल सांगितले आणि मोराच्या विष्ठेने माखलेला पत्राही सांगितला. वीज गेली की संच बंद पडतो हे सांगितले, तेव्हा मुलगा गप्प झाला. त्याला ते कोणी बोलले नव्हते. मग वही उघडून हिशेब दाखवला आणि पाच प्रश्न नातीला लिहून घ्यायला सांगितले.

आजींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मग येणार कोण?"

मी म्हणालो, "आजी, तालुक्याच्या बाजारपेठेत एकाचं दुकान आहे. पाच वर्षं तो येईल असं कागदावर लिहून घ्यायचं. पुढचं मी छातीठोकपणे सांगत नाही. मागं एकदा सांगून बसलोय."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "पंखे या महिन्यात बदल. बिल किती उतरतंय ते बघ. त्या दुकानदाराला घरी बोलीव, प्वारीला त्याला पाची प्रश्न इचारू दे. समदी उत्तरं सरळ दिली तर दिवाळीला पत्रं बसवा. न्हाई दिली तर घाई कुणाला हाय? सूर्य काय पळून जात न्हाई."

मला ते पटले. घरचा निर्णय असाच व्हावा. हिशेबाने, उसन्या उत्साहाने नव्हे.

उठताना आजी गोठ्यात गेल्या आणि खुंटीवरचा तो जुना कंदील काढून आणला. काच उघडून एक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. दोडक्याचे बी होते. दरवर्षी नवे धरून त्यांनी ते राखले आहे. म्हणाल्या, "तुमच्या दारात लावा. वेल मात्र उन्हात चढवा, सावलीत न्हाई."

बी मी लावले आहे. उन्हातच.